स्वस्तात किराणा आणि घरचा स्वयंपाक: खरेदी ही पाचवी पायरी आहे, पहिली नाही

महागाई वाढली की बहुतेक घरांत आधी दुकान बदलतं. मग मोठी पाकिटं येतात, 'दोनावर एक मोफत' येतं, आणि महिनाअखेरीला खर्च होता तिथेच असतो. क्रम उलटा झालेला असतो, एवढंच कारण. खरेदीच्या आधीच्या चार पायऱ्या घरात बसून, वही-पेन घेऊन करायच्या असतात. बचतीचा मोठा भाग त्या चारांत आणि खरेदीनंतरच्या पहिल्या तासात आहे.

सामान फार लागत नाही. एक वही, चिकटपट्टी, डब्यावर लिहायला पेन, घट्ट झाकणाचे काही डबे आणि शक्य असेल तर वजनकाटा. काटा नसेल तर रोजची मापाची वाटी कुणाच्या तरी काट्यावर एकदा मोजून आणा. तांदूळ भरून किती ग्रॅम, डाळ भरून किती, पीठ भरून किती, हे तीन आकडे कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्यांवर चालतो.

## पायरी १: आठवडाभर कचऱ्याची नोंद

एक आठवडा नेहमीसारखीच खरेदी करा, नेहमीसारखाच स्वयंपाक करा. फक्त जे टाकाल ते लिहा: काय टाकलं, साधारण किती, आणि का.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच कोरा सोडतात. 'पालेभाजी टाकली' एवढ्याने काही कळत नाही. ती सडली, मागे राहून विसरली, जास्त शिजवली म्हणून उरली, की घरात कुणाला आवडली नाही? सडली असेल तर साठवण सुधारायची. विसरली असेल तर फ्रिजमधली जागा बदलायची. उरली असेल तर माप कमी करायचं. आवडत नसेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी आणायची नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून गेलं. हॉटेलांकडे आणि दुकानांकडे बोट दाखवण्याआधी आपली बादली बघायची ती यासाठी.

तपासा: आठवड्याच्या शेवटी यादीत एकच कारण वारंवार दिसतंय का? बहुधा दिसेल. आधी तेवढं एकच सुधारा.

## पायरी २: घरात काय आहे ते मोजून लिहा

आठवणीतून लिहू नका. 'डाळ आहे थोडी' म्हणजे दोन जेवणांची की दहा, हे डबा उघडल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक डबा उघडा, अंदाजे वजन लिहा, वास घ्या, तळाशी किडे-जाळी आहे का ते बघा.

बघता बघता तीन गट करा: या आठवड्यात संपवायलाच हवं ते, महिनाभर टिकणारं, आणि सहा महिने हलवलं नाही तरी चालेल असं. पहिल्या गटासाठी फ्रिजमध्ये डोळ्यांच्या उंचीवर एक ट्रे ठेवा आणि त्यावर 'आधी हे' असं लिहा. फ्रिजच्या तळाच्या बंद कप्प्यात ठेवलेली भाजी दिसत नाही, म्हणून सडते. तो कप्पा गाजर, कोबी अशा टिकाऊ भाज्यांना द्या.

पाकिटावरच्या तारखा नीट वाचा, कारण त्या दोन प्रकारच्या असतात. 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' ही दर्जाची तारीख आहे. कोरड्या, बंद पाकिटातल्या वस्तू त्यानंतरही वास, रंग, चव ठीक असेल तर वापरता येतात. 'या तारखेनंतर वापरू नका' ही सुरक्षिततेची तारीख असते आणि ती पाळायचीच. पहिलीला दुसरी समजून चांगलं अन्न फेकलं जातं, आणि दुसरीला पहिली समजून माणसं आजारी पडतात.

## पायरी ३: आधी दिवस लिहा, मग पदार्थ

सात दिवसांचे सात पदार्थ ठरवायचे, ही हमखास फसणारी पद्धत. बुधवारी कामावरून उशीर होतो, बेत मोडतो, बाहेरून मागवलं जातं आणि बुधवारची भाजी शुक्रवारी सडते. म्हणून आधी आठवड्याचे वार लिहा. कोणत्या दिवशी वेळ आहे, कोणत्या दिवशी नाही, कुणी जेवायला नाही, ते खुणा करून ठेवा. बेत पाचच दिवसांचा करा. उरलेल्या दोन दिवसांपैकी एक उरलंसुरलं संपवायचा आणि एक मोकळा.

पाच बेतांचा क्रम नाशवंतपणाने लावा. पालेभाज्या आणि मऊ फळभाज्या पहिल्या दोन दिवसांत. मग घेवडा, फ्लॉवर. आठवड्याच्या शेवटी कोबी, गाजर, बटाटे, कांदे आणि कडधान्यं. हा क्रम पाळला की 'खरेदीनंतर तीन दिवस मेजवानी, मग काहीच नाही' हा प्रकार थांबतो.

एक शिजवलेला पाया दोन जेवणांत वापरता येतो का, ते याच वेळी बघा. शिजवलेलं कडधान्य आज रश्श्यात, परवा परतलेल्या कांद्याबरोबर कोरडं. इंधन एकदा, जेवणं दोन.

इशारा: काटकसर करताना सगळ्यात आधी डाळी, फळं आणि दूध यांवर कात्री चालवू नका. लहान मुलं, गरोदर बाई, आजारी आणि वयस्क माणसं घरात असतील तर त्यांचं ताट पहिल्यासारखंच भरलेलं हवं. कपात करायचीच तर तयार खाऊ, गोड पेयं आणि वाया जाणारं अन्न यांतून करा.

## पायरी ४: यादी वजनात लिहा

'कडधान्य, तांदूळ, तेल' ही यादी नव्हे, ही आठवण झाली. यादीत आकडा हवा, आणि तो आकडा ताटापासून उलटा मोजत यायला हवा.

चार माणसांचं घर धरू. एका जेवणाला माणशी ६० ग्रॅम कोरडं कडधान्य, म्हणजे चौघांना २४० ग्रॅम. शिजल्यावर ते दुपटीहून थोडं जास्त भरतं. आठवड्यातून तीनदा करायचं तर महिन्यात साधारण १३ वेळा, म्हणजे ३ किलो १२० ग्रॅम. पायरी २ मध्ये घरात ९०० ग्रॅम निघालं असेल तर आणायचं सव्वादोन किलो. आता दुकानात ५ किलोच्या पोत्यावर सूट दिसली तर तिचा अर्थ तुम्हाला स्पष्ट कळतो: घरातलं धरून हा जवळपास दोन महिन्यांचा साठा आहे. तेवढा नीट ठेवायला डबा आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

हे गणित फक्त पाच-सहा वस्तूंसाठी करा: धान्य, कडधान्य, तेल, पीठ, दूध आणि घरात जास्त लागणारं आणखी एखादं. मीठ-मसाल्यांचा असा हिशेब करत बसलात तर दुसऱ्या महिन्यात वही बंद पडेल.

यादीत प्रत्येक भाजीपुढे एक पर्यायही लिहून ठेवा. 'फ्लॉवर, महाग असेल तर कोबी.' दुकानात उभं राहून पर्याय सुचत नाहीत. सुचतो तो महाग फ्लॉवरच.

## पायरी ५: दुकानात फक्त किलोचा दर वाचा

खाऊन जा, यादी घेऊन जा, हे सगळ्यांना माहीत आहे. चुका पुढे होतात.

पाकिटावरची किंमत वाचू नका, किलोचा दर काढा: किंमत भागिले ग्रॅम, गुणिले १०००. समजा ४०० ग्रॅमचं पाकीट ७२ ला आहे आणि ७५० ग्रॅमचं १२९ ला. पहिल्याचा दर किलोला १८० पडतो, दुसऱ्याचा १७२. मोठं पाकीट स्वस्त, हे खरं. पण त्यातलं १०० ग्रॅम खवट होऊन टाकावं लागलं, तर १२९ मध्ये तुम्हाला ६५० ग्रॅमच मिळालं आणि दर १९८ वर गेला. म्हणजे छोटं पाकीटच स्वस्त पडलं असतं. मोठं पाकीट घेताना प्रश्न एकच: हे शेवटच्या चमच्यापर्यंत संपेल का?

किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी करणं ही महागाईतली जुनी चाल आहे. पाकीट ओळखीचं दिसतं, म्हणून आपण वजन बघतच नाही. नेहमीच्या चार-पाच वस्तूंचं वजन वहीत लिहून ठेवलं असेल तर फरक लगेच लक्षात येतो.

डबाबंद कडधान्य किंवा भाजी घेताना एकूण वजन सोडून पाणी निथळल्यावरचं वजन बघा. भाजीतही तेच. शेंगांतले मटार सोलले की निम्म्याहून कमी वजन हाती लागतं, त्यामुळे गोठवलेल्या सोललेल्या मटारांशी तुलना करताना शेंगांचा दर किमान दुप्पट धरा. एकदा घरी सोलून, निवडून मोजा. तो आकडा कायम उपयोगी पडतो.

तपासा: पैसे देण्याआधी टोपलीतली यादीबाहेरची प्रत्येक वस्तू उचलून स्वतःला विचारा, ही कोणत्या वारी खाणार? वार सांगता आला नाही तर ती परत ठेवा.

## पायरी ६: घरी आल्यावरचा पहिला तास

इथे कंटाळा केला की आधीची सगळी मेहनत पाण्यात. पिशव्या ओट्यावर टाकून 'नंतर बघू' म्हणायचं नाही.

दूध आणि कच्चं मांस-मासे आधी आत. फ्रिज ४ अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली असायला हवा, फ्रीझर उणे १८ ला. दाराचा कप्पा फ्रिजमधली सगळ्यात उबदार जागा असतो. दूध तिथे ठेवायची सवय मोडा, ते आतल्या फळीवर ठेवा. मांस-मासे सगळ्यात खाली, ताटलीत, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर गळणार नाही.

मग पालेभाजी. जुडी सोडा, पिवळी आणि कुजकी पानं काढा. एक सडकं पान दोन दिवसांत शेजारच्या चार पानांना ओढतं. धुऊन ठेवू नका. धुवायचीच तर फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्या. कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवा आणि कापड ओलं झालं की बदला. टोमॅटो, केळी आणि सफरचंदं पिकताना एथिलीन वायू सोडतात, त्याने पालेभाजी लवकर पिवळी पडते. ही फळं तिच्यापासून लांब ठेवा. कच्चट टोमॅटो पिकेपर्यंत बाहेरच बरे.

बटाटे अंधारात, हवेशीर जागी ठेवा, कांद्यांपासून वेगळे. एकत्र ठेवले तर ते लवकर खराब होऊ शकतात. उजेडात ठेवलेला बटाटा हिरवा होतो आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं, जे शिजवून जात नाही. थोडासा हिरवा भाग खोल कापून टाका. बराच हिरवा किंवा कडू असेल तर पूर्ण बटाटा टाका, तिथे काटकसर नको.

धान्य-कडधान्यात किडे बाहेरून येतात त्यापेक्षा जास्त वेळा अंड्यांच्या रूपाने आतच असतात. फ्रीझरमध्ये जागा असेल तर पाकीट उणे १८ अंशांना चार दिवस ठेवा. किडे आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर मात्र पाकीट लगेच उघडायचं नाही. ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच ठेवा, नाहीतर हवेतली वाफ थंड दाण्यांवर जमते आणि पुढे बुरशी धरते. मग कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. जुन्या दाण्यांवर नवे ओतू नका. जुने आधी काढा, डबा पुसा, नवे भरा, जुने वर ठेवा.

अख्ख्या धान्याचं पीठ मैद्यापेक्षा लवकर खवट होतं, कारण अंकुराचं तेल त्यात असतं. म्हणून धान्य साठवा, पीठ थोडं थोडं आणा. तेल शेगडीशेजारी ठेवणं सोयीचं असतं, पण उष्णता आणि उजेड या दोन्हींनी ते लवकर बिघडतं.

इशारा: पाव फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो बाहेरपेक्षा लवकर शिळा लागतो. दोन दिवसांत संपणार नसेल तर कापून फ्रीझरमध्ये ठेवा.

## पायरी ७: आठवड्यातून एकदा पाया शिजवा

कडधान्य ८ ते १२ तास भिजवा. उकाडा असेल तर भिजवण फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर ते आंबतं. भिजवायच्या पाण्यात थोडं मीठ घातलं तर सालं मऊ होतात. मिठाने दाणे शिजत नाहीत ही समजूत जुनीच. शिजू देत नाही तो आंबटपणा. टोमॅटो, लिंबू, चिंच, व्हिनेगर हे दाणे पूर्ण मऊ झाल्यावरच घाला. दोन-तीन वर्षांचं जुनं कडधान्य कितीही भिजवलं तरी टणक राहू शकतं आणि गॅस खातं, म्हणून 'स्वस्तात पोतं' घेताना वर्षभराच्या पुढे जाऊ नका. कुकरमध्ये कडधान्य पाण्यासकट निम्म्यापेक्षा वर भरायचं नाही, फेसाने झडप बुजते.

इशारा: राजमा अर्धवट शिजलेला खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात. त्यातलं लेक्टिन हे अपायकारक प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही. किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळून उकळा. १० मिनिटं ही किमान मर्यादा, ३० मिनिटं उत्तम. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका.

शिजलेलं अन्न पातेल्यातच निवत ठेवणं ही सगळ्यात धोकादायक काटकसर. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, आणि भरलेल्या पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास त्याच टप्प्यात असतो. पसरट भांड्यात दोन इंचांपेक्षा कमी थर करा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, खोलीचं तापमान ३२ अंशांपेक्षा जास्त असेल तर एका तासात.

भाताला वेगळी वागणूक द्या. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू (त्याचं टणक कवचातलं सुप्त रूप) शिजवूनही जिवंत राहतात, आणि भात बाहेर राहिला की ते वाढून विष सोडतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात तासाभरात थंड करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

इंधनाचं थोडक्यात: झाकण ठेवा, उकळी आली की आच कमी करा. पाणी १०० अंशांना उकळतं, आच वाढवून ते त्याहून तापत नाही. उगाच वाफ जाते.

### घरी काय करावं, काय करू नये

घरी केलेलं सगळंच स्वस्त पडतं, हे काही खरं नाही. दही लावणं, मोड आणणं, मसाले गरजेपुरते कुटणं, भाजी स्वतः चिरणं यांत इंधन नगण्य आणि बचत स्पष्ट आहे. एकाच पावासाठी भट्टी तापवणं बहुधा परवडत नाही. एकदम तीन-चार पाव भाजून गोठवायचे असतील तर विचार करा. एखादा पदार्थ घरी करायला घेण्याआधी साहित्य अधिक इंधन असा दर काढा आणि किलोच्या दराशी ताडून बघा. मोड मात्र कच्चे खाण्यापेक्षा शिजवून खा. उबदार ओलाव्यात दाण्याबरोबर जंतूही वाढतात.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका: कमी आंबट भाज्या साध्या पाण्यात उकळून हवाबंद बाटल्यांत महिनोन्‌महिने ठेवणं, किंवा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं. बोटुलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. तो घडवणाऱ्या जंतूचे बीजाणू १०० अंशांना मरत नाहीत, आणि त्याच्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही.

## पायरी ८: उरलेल्याला नाव आणि तारीख द्या

डब्यावर चिकटपट्टी लावून तीन गोष्टी लिहा: काय, कधी शिजवलं, किती जणांचं. नाव नसलेला डबा कुणी उघडत नाही.

भाताखेरीज बहुतेक शिजवलेलं अन्न फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस टिकतं. तेवढ्यात संपणार नसेल तर चौथ्या दिवसाची वाट न बघता पहिल्याच दिवशी गोठवा. एका वेळच्या मापात, सपाट थर करून गोठवलं की लवकर वितळतं. वितळवायचं ते फ्रिजमध्ये, ओट्यावर नव्हे. खाताना हवं तेवढंच काढून वाफाळेपर्यंत गरम करा, मधोमध ७४ अंश व्हायला हवं. सगळा डबा पुन्हा पुन्हा गरम-गार करू नका.

फ्लॉवरचे दांडे, कोबीचा गाभा, पालेभाजीचे कोवळे देठ भाजीतच जातात, फक्त जाड भाग बारीक चिरून आधी टाकायचा. सालं आणि टोकं धुऊन गोठवा, पुरेशी जमली की तासभर उकळून गाळा. ते पाणी रश्श्याला चांगलं. बुरशी आलेलं किंवा सडकं काही त्यात घालू नका.

तपासा: आठवड्याच्या 'उरलंसुरलं'च्या दिवशी 'आधी हे'चा ट्रे रिकामा झाला का? सलग दोन आठवडे झाला नाही, तर बेत पाचाऐवजी चारच दिवसांचा करा.

## पायरी ९: महिन्याचा हिशेब

तीनच आकडे लिहा: अन्नावर झालेला एकूण खर्च, महिन्याच्या सुरुवातीला घरात किती साठा होता आणि शेवटी किती राहिला याचा अंदाज, आणि बाहेरून मागवलेलं किती. साठ्याचा आकडा न धरता केलेली तुलना फसवते. पहिल्या महिन्यात डबे भरताना खर्च वाढलेला दिसतो, आणि 'काही उपयोग नाही' म्हणून लोक इथेच सोडून देतात. तीन महिन्यांची सरासरी काढा आणि ती माणशी, दिवसाला किती पडते ते बघा. बाजारभाव चढले असतील तर खर्च कमी दिसणारही नाही. तेव्हा पायरी १ ची कचऱ्याची नोंद पुन्हा एक आठवडा करून जुन्या यादीशी ताडून पाहा. यादी आखूड झाली असेल तर पद्धत लागू पडतेय. तेवढीच लांब असेल तर 'का'चा रकाना पुन्हा वाचा आणि दुसरं कारण हातात घ्या.